कार्डिफची कोळसा गोदी

ग्रेट ब्रिटनमधील वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॅफ नदीच्या मुखाशी वसलेला ओल्या गोद्यांचा समूह. तो ‘ब्यूट गोद्या’ या नावानेही ओळखला जातो. १८३९ मध्ये येथील पहिली गोदी सुरू झाली आणि १९६४ मध्ये येथून होणारी कोळशाची निर्यात कायमची थांबली. मधल्या सव्वाशे वर्षांत या गोद्यांनी जगाच्या सागरी वाहतुकीला इंधन पुरविले. एकाच मालावर उभारलेल्या बंदराचा उत्कर्ष व अंत कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल. खाणींतील कोळसा संपल्यामुळे ही गोदी बंद पडली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. संपला तो कोळशाचा ग्राहक, आणि हा ग्राहक म्हणजे प्रामुख्याने वाफेवर चालणारे जहाज होय.

दक्षिण वेल्सच्या कोळसाक्षेत्रात पश्चिमेस अँथ्रासाइट, पूर्वेस बिट्युमेनी कोळसा आणि या दोहोंच्या मध्ये, म्हणजे मर्थर, ॲबरडेअर व राँडा या खोऱ्यांच्या परिसरात, बाष्पित्रांसाठी विशेष उपयुक्त असा मधल्या गुणधर्मांचा कोळसा सापडतो. तो जळताना धूर फार थोडा होतो, भट्टीच्या जाळीवर त्याचे कडक थर बसत नाहीत व वजनाच्या मानाने त्याची उष्णता अधिक असते. हे तिन्ही गुण जहाजाच्या दृष्टीने मोलाचे होते. इंधनाने व्यापलेली प्रत्येक घनफूट जागा मालाच्या भाड्यातून वजा होते. आणि युद्धनौकेच्या बाबतीत क्षितिजावर दिसणारा धूर शत्रूला तिचा ठावठिकाणा सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश नौदलाने निरनिराळ्या कोळशांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत वेल्सचा कोळसा सरस ठरला व नौदलाची पसंती हीच त्याची जगभर जाहिरात झाली.

पहिली गोदी मात्र या कोळशासाठी बांधलेली नव्हती. अठराव्या शतकात मर्थर टिडफिल हे लोखंडाच्या भट्ट्यांचे केंद्र होते. तेथील लोखंड समुद्रापर्यंत नेण्यासाठी १७९४ मध्ये ग्लॅमॉर्गनशर कालवा खुला झाला. कार्डिफ हे त्या वेळी एक लहान गाव होते. १८०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,८७० भरली. कालव्याच्या मुखाशी मोठी जहाजे येऊ शकत नसत. ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वाधिक फरकांपैकी एक असून कार्डिफजवळ तो मोठ्या भरतीच्या दिवशी सु. १२ मी.पर्यंत जातो. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणी जहाज धक्क्याला लावून ठेवावयाचे, तर भरतीचे पाणी दरवाज्यांनी अडवून धरणारी ओली गोदी बांधणे अपरिहार्य होते. हे साहस दुसरा मार्क्विस ऑफ ब्यूट (१७९३–१८४८) या जमीनदाराने स्वखर्चाने केले. कार्डिफ परिसरातील जमिनीचा मोठा भाग आणि डोंगराळ भागातील खनिजांचे हक्क त्याच्या मालकीचे होते. सु. ३,५०,००० पौंड खर्चून बांधलेली व सु. १,२२० मी. लांबीची ब्यूट पश्चिम गोदी ९ ऑक्टोबर १८३९ रोजी खुली झाली. या खर्चासाठी त्याला आपली मालमत्ता मोठ्या प्रमाणावर गहाण टाकावी लागली.

पुढील दोन वर्षांत टॅफ व्हेल लोहमार्ग पूर्ण झाला (१८४०–४१). त्याचा अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल होता. खाणीच्या तोंडापासून गोदीच्या काठापर्यंत उताराचा मार्ग मिळाल्यामुळे भरलेल्या वाघिणी खाली येत व रिकाम्या तेवढ्या चढावर ओढाव्या लागत. निसर्गाने दिलेली ही सवलत या व्यापाराच्या पथ्यावर पडली. १८५५ च्या डिसेंबरात राँडा खोऱ्यातील बाष्पित्रयोग्य कोळशाची पहिली गाडी कार्डिफला पोहोचली. त्याच वर्षी ब्यूट पूर्व गोदीचा पहिला भाग खुला झाला व १८५९ मध्ये ती पुरी झाली. त्यानंतर रोथ जलाशय (१८७४), रोथ गोदी (१८८७) आणि सर्वांत मोठी क्वीन अलेक्झांड्रा गोदी (१९०७) अशी भर पडत गेली. शेवटच्या गोदीचे उद्‌घाटन सातव्या एडवर्ड राजाच्या हस्ते १३ जुलै १९०७ रोजी झाले. तिचे जलक्षेत्र ५२ एकर होते. बांधकामाच्या दृष्टीने ही कामे अव्वल दर्जाची होती. आर्थिक दृष्ट्या मात्र गोद्यांवर गुंतविलेल्या भांडवलाचा परतावा नेहमीच तुटपुंजा राहिला. ब्यूट घराण्याचा खरा लाभ खनिजांवरील स्वामित्वशुल्कातून व वाढत्या शहराच्या जमीनभाड्यातून होत असे. गोदी म्हणजे या उत्पन्नाची वाट मोकळी ठेवणारा खर्च, असेच तिचे स्वरूप होते.

कामकाजाची पद्धत : कोळशाच्या गोदीचे काम इतर गोद्यांहून वेगळे असते. येथे कोळशाचा साठा धक्क्यावर ढीग घालून ठेवीत नसत. निरनिराळ्या खाणींचा कोळसा गुणाने भिन्न असे व ग्राहकाच्या मागणीप्रमाणे ठराविक खाणींचा माल ठराविक प्रमाणात जहाजात भरावा लागे. म्हणून खाणमालकांच्या स्वतःच्या वाघिणी गोदीमागील विस्तीर्ण लोहमार्ग-आवारात जहाजाची वाट पाहत उभ्या राहत. वाघीण हेच गोदाम होते. जहाज लागले, की वाघीण एकेक करून जलीय दाबावर चालणाऱ्या उच्चालकावर घेत, वर उचलीत व तिचे टोकाचे दार उघडून ती तिरपी करीत. मग कोळसा लोखंडी घसरणीवरून जहाजाच्या पोटात कोसळे.

या कोसळण्यातच एक अडचण होती. वेल्सचा कोळसा ठिसूळ असतो. उंचावरून पडल्यावर त्याचा चुरा होई आणि चुऱ्याची किंमत ढेपांच्या मानाने बरीच कमी येई. त्यावर उपाय म्हणून गोद्यांचे व्यवस्थापक विल्यम टॉमस लेविस (पुढे लॉर्ड मर्थर) आणि अभियंता हंटर यांनी लेविस-हंटर यारी तयार केली. तीमध्ये कोळसा एका मोठ्या लोखंडी पात्रात भरून ते पात्र जहाजाच्या तळापर्यंत उतरवीत व तेथे त्याचा शंकूसारखा तळ उघडीत. त्यामुळे पडण्याची उंची अगदी थोडी राहिली. रोथ गोदीत अशा फिरत्या याऱ्या बसविण्यात आल्याने एकाच जहाजाच्या अनेक दारांतून एकाच वेळी भरणी करणेही शक्य झाले.

यंत्रे कितीही सुधारली, तरी शेवटचे काम माणसाच्या फावड्याकडेच राहिले. घसरणीखाली कोळशाचा उंच ढीग होई; तो तसाच ठेवल्यास समुद्रात जहाज कलंडण्याचा धोका असे. ‘ट्रिमर’ म्हणून ओळखले जाणारे कामगार जहाजाच्या पोटात उतरून मेणबत्तीच्या वा दिव्याच्या उजेडात, दाट धुळीत, कोळसा कानाकोपऱ्यांत सारून सपाट करीत. त्यांना मजुरी टनावारी मिळे. काम अनियमित, अवघड व फुप्फुसांस घातक होते. परंतु कौशल्यामुळे व स्वतंत्र संघटनेमुळे गोदीतील इतर मजुरांच्या तुलनेत त्यांची मिळकत चांगली असे. बंदराच्या इतिहासात उच्चालकांची क्षमता आणि जहाजांची टनसंख्या यांची नोंद तपशिलाने होते. ट्रिमरांच्या वाट्याला सहसा एखादी ओळ येते.

बाजारपेठ व भारताशी संबंध : कार्डिफचा कोळसा मुख्यतः फ्रान्स, इटली, ईजिप्त व दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशांकडे जाई. त्यातील बराचसा भाग कारखान्यांसाठी नव्हे, तर जगभर पसरलेल्या कोळसा-ठाण्यांसाठी असे. पोर्ट सैद, एडन यांसारख्या ठाण्यांवर वाटेतली जहाजे पुन्हा इंधन घेत. याच कारणासाठी मुंबईचा या व्यापाराशी जुना संबंध आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाले, तेव्हा एडनपर्यंत पुरावा म्हणून त्यावर क्षमतेपेक्षा अधिक कोळसा लादावा लागला होता. वाटेत कायमचे कोळसा-ठाणे हवे, ही गरज त्यातून पुढे आली. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले. योगायोगाने हे कार्डिफच्या पहिल्या गोदीचेच वर्ष होय. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. मुंबईतील आगगाड्या, गिरण्या व आगबोटी यांनाही एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कोळसा लागे. बंगालच्या खाणींचा कोळसा रेल्वेने व सागरी मार्गाने नियमितपणे येऊ लागल्यावर ही आयात मागे पडली.

कोळशाच्या व्यापाराचे आणखी एक अंग लक्षात घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये येणारे धान्य, लाकूड व लोहखनिज हे अवजड माल होते. पण ब्रिटनमधून जाणारा तयार माल किमतीने मोठा व आकाराने लहान असे. कोळसा नसता, तर अनेक जहाजांना बाहेर जाताना रिकामे जावे लागले असते. जाताना कोळसा व येताना धान्य असा फेरा जमल्यामुळे दोन्हींकडील नौभाडे उतरले. ब्रिटिश कामगाराच्या स्वस्त पावात वेल्सच्या कोळशाचा असा अप्रत्यक्ष वाटा होता. खुद्द कार्डिफला मात्र याचा लाभ पुरता मिळाला नाही. परतीचा माल लिव्हरपूल, लंडन वा युरोपातील बंदरांत उतरे आणि जहाजे कार्डिफला बहुधा रिकामी येत. खाणींना आधारासाठी लागणारे लाकडी खांब व स्पेनमधील लोहखनिज सोडल्यास येथील आयात निर्यातीच्या मानाने किरकोळ राहिली. पुढील काळात हेच वैगुण्य घातक ठरले.

प्रतिस्पर्धी बंदरे : ब्यूट गोद्यांची मक्तेदारी, तेथील आकार व वाघिणींची कोंडी यांबद्दल खाणमालकांत असंतोष होता. १८६५ मध्ये जवळच पेनार्थ येथे स्वतंत्र गोदी सुरू झाली. त्याहून मोठे आव्हान राँडातील खाणमालक डेव्हिड डेव्हिस (१८१८–९०) याने दिले. कार्डिफच्या नैर्ऋत्येस बॅरी येथे स्वतंत्र लोहमार्ग व गोदी बांधण्याचे त्याचे विधेयक १८८३ मध्ये लॉर्ड्‌स सभेत फेटाळले गेले. १८८४ मध्ये ते संमत झाले. १८ जुलै १८८९ रोजी बॅरी गोदी खुली झाली. काहीशे वस्तीच्या त्या परिसराची लोकसंख्या १९११ पर्यंत ३३ हजारांवर गेली आणि कोळशाच्या निर्यातीत बॅरीने कार्डिफलाही मागे टाकले.

उत्कर्षाचा काळ : १९१३ हे या व्यापाराचे सर्वोच्च वर्ष होय. त्या वर्षी कार्डिफहून सु. १०.७ दशलक्ष टन व बॅरीहून सु. ११ दशलक्ष टन कोळसा बाहेर गेला. दक्षिण वेल्समधील एकूण उत्पादन सु. ५७ दशलक्ष टन होते. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कार्डिफच्या कोळसा विनिमयगृहात जगातील कोळशाचे भाव ठरत. जगातील पहिला दहा लाख पौंडांचा धनादेश येथेच लिहिला गेला अशी आख्यायिका असून तिचे साल निरनिराळे सांगितले जाते. कार्डिफची लोकसंख्या १९०१ मध्ये १,६४,३३३ झाली व १९०५ मध्ये त्यास नगराचा दर्जा मिळाला. कॅप्टन स्कॉटची दक्षिण ध्रुव मोहीम १५ जून १९१० रोजी ‘टेरा नोव्हा’ जहाजातून निघाली ती याच गोदीतून. जहाजाला लागणारा कोळसा स्थानिक व्यापाऱ्यांनी विनामूल्य दिला होता.

या आकड्यांची दुसरी बाजूही त्याच वर्षाची आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी कार्डिफच्या उत्तरेस सेंगेनिथ येथील युनिव्हर्सल खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्यू पावले. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी खाण-दुर्घटना होय. नौदलाच्या पसंतीस उतरलेला कोळसा ज्या थरांतून येई, त्यांत ज्वालाग्राही वायूचे प्रमाण मोठे होते.

गोदीलगतच्या ब्यूटटाउन वस्तीत (लोकांच्या तोंडी ‘टायगर बे’) सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन, पश्चिम आफ्रिकी, भारतीय, नॉर्वेजियन असे अनेक देशांचे खलाशी राहत. एडनमार्गे आलेले येमेनी व सोमाली लोक बहुधा जहाजांच्या भट्ट्यांवर काम करीत. म्हणजे ज्या कोळशाने हे शहर वाढले, तोच कोळसा समुद्रावर ते फावड्याने आगीत टाकीत. पहिल्या महायुद्धात मर्चंट नेव्हीतील अनेकांनी प्राण गमावले. तरीही १९१९ च्या जून महिन्यात बेकारीच्या धास्तीतून या वस्तीवर हल्ले झाले व दंगलींत तीन माणसे मारली गेली. १९२५ च्या एका सरकारी आदेशाने वर्णीय परदेशी खलाशांना नोंदणी सक्तीची केली. कागदपत्रे दाखविता न आल्यामुळे ब्रिटिश प्रजाजन असलेल्या कित्येकांचीही येथे परदेशी म्हणून नोंद करण्यात आली.

ऱ्हासाची कारणे : महायुद्धापूर्वीच ब्रिटिश नौदलाने आपल्या नव्या युद्धनौका खनिज तेलावर चालविण्याचा निर्णय घेतला होता. तेल कमी जागा व्यापी, नळातून भरता येई व भट्टीवर माणसे कमी लागत. वेल्सच्या कोळशाला प्रतिष्ठा देणाऱ्या ग्राहकानेच प्रथम पाठ फिरविली. डीझेल एंजिनावर चालणारे ‘सिलँडिया’ हे डॅनिश जहाज १९१२ मध्ये महासागरात उतरले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान व्यापारी जहाजेही झपाट्याने तेलाकडे वळली. येथे कार्डिफचे नुकसान दुहेरी होते. जहाजे स्वतःसाठी कोळसा घेईनाशी झाली आणि कोळसा-ठाणीच निकामी होऊ लागल्याने तेथे माल पोहोचविण्याचे कामही संपत गेले.

राजकीय घटनांची त्यात भर पडली. युद्धात लांबलेल्या पुरवठ्यामुळे काही ग्राहकदेशांनी स्वतःचे वा दुसऱ्यांचे कोळशाचे साठे आणि जलविद्युत् यांकडे लक्ष वळविले. व्हर्सायच्या तहान्वये जर्मनीला नुकसानभरपाईदाखल फ्रान्स व इटलीला कोळसा द्यावा लागला; हे दोन्ही देश कार्डिफचे प्रमुख गिऱ्हाईक होते. १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन सैन्याने रूर व्यापल्यावर कार्डिफला तात्पुरती तेजी लाभली, पण ती फसवी होती. १९२५ मध्ये ब्रिटनने युद्धपूर्व दराने सुवर्ण परिमाण पुन्हा स्वीकारल्यामुळे परदेशी ग्राहकांना ब्रिटिश कोळसा महाग पडू लागला. मजुरीकपातीला खाणकामगारांनी विरोध केला; १९२६ मध्ये सार्वत्रिक संपापाठोपाठ कित्येक महिने खाणी बंद राहिल्या. त्या काळात गमावलेल्या बाजारपेठांत, विशेषतः स्कँडिनेव्हियात, पोलंडच्या कोळशाने जम बसविला.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९२२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने दक्षिण वेल्समधील बहुतेक गोद्या ताब्यात घेतल्या. तिचा महाव्यवस्थापक फेलिक्स पोल याने १० टनी वाघिणींच्या जागी २० टनी वाघिणी आणण्याची योजना मांडली, सवलती देऊ केल्या व उच्चालकांत बदल करविले. परंतु मोठ्या वाघिणींसाठी खाणींवरील चाळण्या, रूळ व आवारे बदलावी लागणार होती. मंदीत सापडलेल्या खाणमालकांनी हा खर्च करण्यास टाळाटाळ केली. हजारो लहान वाघिणी व त्यांच्यासाठी आखलेली यंत्रणा ही पूर्वी बंदराची शक्ती होती. आता तीच हलेनाशी झाली. १९३२ मध्ये कार्डिफची कोळसा-निर्यात पाच दशलक्ष टनांच्याही खाली गेली. डझनावारी जहाजे गोदीत नुसती बांधून ठेवलेली होती. पेनार्थहून होणारी कोळशाची निर्यात १९३६ मध्ये थांबली.

गोदीचा शेवट : दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामग्रीच्या वाहतुकीमुळे गोद्या पुन्हा गजबजल्या, पण जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होताच कोळशाची मुख्य बाजारपेठ एका दिवसात गेली म्हटले तरी चालेल. युद्धानंतर खाणींचे (१९४७) व रेल्वेबरोबर गोद्यांचे (१९४८) राष्ट्रीयीकरण झाले. प्रारंभी देशातच कोळशाची इतकी टंचाई होती, की निर्यातीसाठी तो उरत नसे. टंचाई संपली तेव्हा परदेशी ग्राहक तेलावर गेलेले होते. कार्डिफचे कोळसा विनिमयगृह १९५८ मध्ये बंद झाले. १९६४ मध्ये कार्डिफहून कोळशाची अखेरची निर्यात झाली व त्याच वर्षी सर्वांत जुनी ब्यूट पश्चिम गोदी बंद करण्यात आली. पुढे ती बुजविली गेली. ब्यूट पूर्व गोदी १९७० मध्ये बंद झाली. त्या वेळीही दक्षिण वेल्समध्ये वर्षाला एक कोटी टनांहून अधिक कोळसा निघत होता. तो वीजकेंद्रांकडे व पोलाद कारखान्यांकडे जात असे आणि त्यासाठी गोदीची गरज नव्हती.

बॅरीच्या ओस पडलेल्या लोहमार्ग-आवारात एका भंगार व्यापाऱ्याने ब्रिटिश रेल्वेची २९७ मोडीत निघालेली वाफेची एंजिने आणून उभी केली. इतर भंगार तोडण्याच्या गडबडीत ती वर्षानुवर्षे तशीच राहिली व त्यांपैकी २१३ हौशी मंडळांनी विकत घेऊन वाचविली. कोळशाच्या वाघिणींची जागा कोळशावर चालणाऱ्या एंजिनांनी घ्यावी, हा प्रकार मोठा विलक्षण होता.

गोदीबरोबर ब्यूटटाउनमधील काम गेले. १९६० च्या दशकात जुनी घरे पाडून तेथे नव्या इमारती बांधण्यात आल्या व अनेक कुटुंबे विखुरली. रोथ गोदीलगतचा ईस्ट मूर्स पोलाद कारखानाही १९७८ मध्ये बंद पडला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या कार्डिफ बे विकास महामंडळाने टॅफ व इली या नद्यांच्या मुखावर सु. १.१ किमी. लांबीचा बंधारा बांधला. १९९९ मध्ये तो पूर्ण होऊन चिखलाच्या जागी सु. २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. या योजनेला स्थानिक रहिवाशांचा व पक्षिमित्रांचा तीव्र विरोध होता. भूजल वाढून घरांत ओल येईल ही एक भीती होती. शिवाय चिखलात चरणाऱ्या हजारो पाणपक्ष्यांचा अधिवास नष्ट होणार होता. त्याच्या भरपाईदाखल न्यूपोर्टजवळ पाणथळ राखीव क्षेत्र निर्माण करण्यात आले. सरोवराच्या काठी वेल्स मिलेनियम सेंटर (२००४) व वेल्सच्या संसदेचे सभागृह (२००६) उभे राहिले. गोदी कंपनीची लाल विटांची पीअरहेड इमारत (१८९७) त्यांच्या शेजारी टिकून आहे. विनिमयगृहाच्या वास्तूत २०१७ मध्ये हॉटेल सुरू झाले. गोद्यांसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या जमीनदाराचे नाव ब्यूटटाउन, ब्यूट पूर्व गोदी व ब्यूट स्ट्रीट यांत शिल्लक आहे.

दक्षिण वेल्समधील खोल खाणींपैकी शेवटची मोठी खाण, टॉवर कोलियरी, जानेवारी २००८ मध्ये बंद झाली. क्वीन अलेक्झांड्रा गोदी व रोथ गोदी या मात्र बंधाऱ्याबाहेर असून तेथे पोलाद, तेल, लाकूड, वाळू यांची चढउतार चालते.